पाणी सकाळपर्यंत उतरतं

काल दुपारी तोरण्याच्या अंगाला ढग फुटला असावा. दिवस मावळायच्या आत गुंजवणी काठाला टेकली. लाल, फेसाळ, तोंडात उंबराचं आख्खं झाड धरलेली. आमच्या मार्गासनीची माणसं नेहमीप्रमाणे काठावर आली, नेहमीप्रमाणे "लई आलंय औंदा" म्हणाली आणि भाकरी खायला घरी गेली. आज सकाळी बघतो तर नदी गुडघाभर. करंजाच्या फांद्यांत गवताच्या झिपऱ्या अडकलेल्या, दगडांवर चिखलाची साय आणि त्या सायीवर खेकड्यांच्या पायांची नक्षी. बायका धुणं घेऊन आल्यासुद्धा. आमच्या मुलखातल्या सगळ्या नद्या अशाच, तापट सासूसारख्या. संध्याकाळी भांडी आपटतील आणि सकाळी काही झालंच नाही अशा तोंडानं चूल पेटवतील.

बाकीच्यांना ही सकाळ आवडते. म्हाताऱ्या वाहून आलेलं जळण गोळा करतात. ज्याचं गेलं तो शिव्या देतो, ज्याला मिळालं तो देवाचं नाव घेतो. मला मात्र हस्ताच्या पावसातली ही उतरलेली नदी बघवत नाही. इतक्या इमानानं पाणी खाली जातं की माणूस त्यावर जन्माचा भरवसा टाकून बसतो. मी टाकला होता. आणि माझ्या भरवशावर आणखी एकानं.

मला ओळखणारे इथपर्यंत वाचूनच गालात हसले असतील. म्हणतील, दगडूनं सुरुवात तर झकास केली, आता मगर कधी येते बघू. त्यांचा दोष नाही. नसरापूरच्या बाजारात चहावाला मला हाक मारून बसवतो, कारण मी बसलो की त्याचं बाकडं भरतं. इरावतीत मी एक मासा धरला, त्याचं पोट फाडलं तर आत होडी, होडीत माणूस आणि त्यानं डोळे चोळत मला पहिलं काय विचारलं, तर "विडी हाय का?" ही गोष्ट मी हजार वेळा सांगितली असेल, आणि दर वेळी होडी हातभर लांबते. पण खोटं बोलणं वेगळं आणि थापा मारणं वेगळं. खोटं बोलणाऱ्याला वाटतं, समोरच्यानं ते खरं धरावं. थापाड्याला तसलं काही नको असतं. समोरच्यानं हसावं, मांडी बदलावी आणि "मग?" म्हणावं, एवढ्यावर त्याचं पोट भरतं. माझ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, याचं मला कित्येक वर्षं काडीचंही वाईट वाटलं नव्हतं.

फौजेतसुद्धा मी शिरलो तो थापेच्याच जोरावर. भरती करणारा साहेब विचारत होता, नाव चालवता येते का. मला येत होती ती सांगड. वाळलेले भोपळे बांबूच्या चौकटीखाली बांधायचे, वर गाठोडं, करडू नाहीतर कुणाची तरी सासुरवाशीण बसवायची आणि पोहत पोहत ढकलत पलीकडं न्यायची. पावसाळ्याचे चार महिने आणि नदीच्या पात्राएवढा प्रवास. अलीकडं पेटवलेली चिलीम पलीकडं गेल्यावरही जळत असायची. साहेबाला म्हणालो, "साहेब, माझा जन्मच नावेतला. आईनं नाळ पाण्यात सोडली. आमच्या नदीचा पलीकडचा काठ दिसत नाही." यातलं शेवटचं वाक्य खरं होतं. आषाढात धुकं उतरलं की खरंच दिसत नाही.

मग लढाईसाठी ब्रह्मदेशात गेलो, तिथं मी इरावती पाहिली आणि आयुष्यात पहिल्यांदा माझी थाप मला तोकडी पडली.

ते पाणी नव्हतंच, जमिनीवर निजलेलं आभाळ होतं. सागाच्या ओंडक्यांचे तराफे जात, एकेक आमच्या वाडीएवढा. वर झोपडी, झोपडीपुढं चूल, चुलीपाशी कोंबडी. घर, अंगण आणि कोंबडी घेऊन माणसं महिना महिना वाहत जात आणि कुठं पोचायची घाई म्हणून कुणाच्या तोंडावर दिसत नसे. काठानं ताडाची झाडं, टेकड्यांवर पांढरे कळस, घाटावर गालांना पिवळी उटी लावलेल्या बायका. वाऱ्यावर आंबवलेल्या माशांचा वास, जो पहिल्या आठवड्यात जीव घेतो आणि तिसऱ्या आठवड्यात भूक लावतो. आता मी वाढवून सांगत नाही. तिथं वाढवायला जागाच नव्हती.

माझं काम नावेच्या टोकावर उभं राहायचं. हातात पट्टे रंगवलेला लांब बांबू. तो पाण्यात खुपसायचा आणि किती खोल ते ओरडायचं, म्हणजे मागं सुकाणू धरणाऱ्याला वाट कळायची. दैवाची थट्टा बघा. पंचक्रोशीतल्या सगळ्यात मोठ्या थापाड्याला काम कसलं मिळालं, तर उजाडल्यापासून मावळेपर्यंत खरं ओरडण्याचं. हातभर जास्त सांगितलं की नाव वाळूत. जन्मात बोललो नव्हतो तेवढं खरं मी त्या टोकावर उभा राहून बोललो आणि इतकं चोख बोललो की वर्षभरात मला तांडेल केलं, म्हणजे एका नावेचा म्होरक्या.

मोठ्या नदीला चिंदविन मिळते, तिथं दोन रंगांचं पाणी कितीतरी अंतर शेजारी शेजारी चालतं, नव्या जावांसारखं, एकमेकींना न शिवता. चिंदविनला पुन्हा लहान नद्या मिळतात, त्यांना आणखी लहान. जितकं आत जावं तितकं पाणी अरुंद होतं आणि रान जवळ येतं. वेळूची बेटं पाण्यावर वाकलेली, त्यांच्या खालून नाव जाताना वाळकी पानं खांद्यावर पडत. सकाळच्या धुक्यात पुढचं काही दिसायचं नाही. माझा आवाज तेवढा, आणि काठावरून न दिसणाऱ्या एखाद्या कुत्र्याचं उत्तर. लढाई तोवर पुढं सरकली होती. आम्ही मागं राहिलेल्या ठाण्यांना पीठ, मीठ, रॉकेल आणि जनावरं पोचवत होतो.

अशाच एका खेपेला सहा खेचरं नावेत चढली आणि त्यांच्यामागून एक उंच, हाडकुळा माणूस. त्यानं पाण्याकडं एकदा पाहिलं आणि मान हलवली. "ह्ये लई हाय," तो म्हणाला.

त्या तीन शब्दांवरून मी ओळखलं, हा आपल्याकडचा.

"कुठला रं?"

"वेल्ह्याच्या वरचा. धनगरवाड्यावरचा. धुळबा."

"मी मार्गासनीचा. दगडू."

त्यानं मला खालून वर न्याहाळलं. "त्यो थापाड्या?"

आपली कीर्ती ब्रह्मदेशापर्यंत पोचली होती. माझी छाती फुगली.

धुळबाला पोहता येत नव्हतं. पाण्याला तो बुजायचा, म्हणून नावेत नेहमी बरोबर मध्ये, खेचरांच्या पायांत बसायचा. तिथं त्याला घरी असल्यासारखं वाटत असावं. एखादं खेचर बिथरलं की तो उठून त्याच्यासमोर उभा राहायचा आणि काही न बोलता नुसता बघायचा. जनावर गप. माझ्या गोष्टी तो मन लावून ऐकायचा, पण फसायचा नाही. मी बारा मगरी म्हटलं की "सा आसत्याल" म्हणायचा. एकदा मी मुद्दाम खरा आकडा सांगितला, तर म्हणाला, "ह्ये बराबर हाय." कशावरून ओळखायचा, ते त्यानं कधी सांगितलं नाही. घरचं फार बोलायचा नाही. एकदाच म्हणाला होता, "तानूबिगर आमची म्हस पान्हा सोडत न्हाई. म्या निघालो तवा म्हशीनं मान वर क्येली न्हाई, आन् तानूनं खाली क्येली न्हाई." तानू त्याची बायको. लग्नानंतर दोन महिन्यांत तो भरती झाला होता.

लिहिता लिहिता थांबलो. घाटावरून शेजारची भागाबाई ओरडते आहे, "दगडूभाऊ, खेकडं धरायचं सोडून काय लिवतासा? जमिनीचं कागुद हाय का काय?" तिला म्हणालो, इरावतीवरच्या माशाला पत्र लिहितोय. हसली. माझं बोलणं असंच झालं आहे. तोंड उघडलं की लोक हसायला तयार.

त्या दिवशीसुद्धा मी हसवतच होतो. चिंदविनच्या एका लहान फाट्यात वर चाललो होतो. पाण्याखालच्या ओंडक्यावर आपटून इंजिनाचा पंखा मोडला. आता वाहत वाहत, बांबूनं सावरत खाली ठाण्यावर जायचं, नवा पंखा बसवायचा आणि परत यायचं. पण सहा खेचरांच्या वजनानं तशा प्रवाहात नाव सावरेना, एका कडेला झुकायला लागली. दोन्ही काठ उभे आणि चिखलाचे, वर वेळूची भिंत. जनावर चढणं शक्य नाही. पात्राच्या मध्ये मात्र एक लांबट वाळूचं बेट होतं, वर कोवळं हिरवं गवत. मी म्हणालो, खेचरं इथं उतरवू. धुळबा त्यांच्यापाशी थांबेल. मी उद्या नाहीतर परवा येतो.

आमच्याबरोबर वाट दाखवायला एक ब्रह्मी म्हातारा होता. बेट बघताच तो दोन्ही हात वर वर नेत ओरडायला लागला. त्याला चार शब्द हिंदुस्थानी येत होते. "पानी ऊपर. बहुत दिन ऊपर."

पाणी थोडं चढलं होतं, तेवढं मलाही दिसत होतं. बेटाच्या कडेचं गवत बुडायला लागलं होतं. पण वर आभाळ निळंशार होतं. दोन दिवस थेंब पडला नव्हता. माझ्या डोक्यात गुंजवणी. आमच्या नदीचा उगम माझ्या ओसरीवरून दिसतो. तिथला ढग निवळला की मी बसल्या जागी सांगू शकतो, नदी किती वेळात उतरणार. या नदीचा उगम मी पाहिला नव्हता. मी पाहिलेल्या कुणीही पाहिला नव्हता. पंधरा दिवसांच्या वाटेवर कुठल्या तरी डोंगरात कोसळलेलं पाणी माझ्याकडं चालत येत होतं आणि मी निळं आभाळ बघून न्याय देत होतो. पण म्हाताऱ्याला विचारायचं, तर तांडेलाला नदी कळत नाही हे कबूल करायचं. जन्म नावेतला, नाळ पाण्यात! मी म्हणालो, "बाबा, नदी म्हंजी नदी. चढती तशी उतरती."

धुळबानं खेचरांची दावी हातात घेतली आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"दगड्या, पाणी चढतंय रं."

"चढलं की उतरतंच. सकाळच्याला गुडघाभर व्हतंय का न्हाई बघ."

"खरं सांगतूस, का न्हेमीचं?"

"खरं, धुळबा. आईच्यान."

जनावर विकत घेताना दात बघतात, तसं त्यानं माझ्या तोंडाकडं निरखून पाहिलं. मग मान डोलावली. एकेक खेचर चुचकारत बेटावर नेलं. मी पीठ, गूळ, काड्यापेटी आणि एक घोंगडं टाकलं. नाव प्रवाहाला लागली तेव्हा तो पाठमोरा होता, खेचरांच्या पाठी चोळत होता.

ठाण्यावर पोचलो त्या संध्याकाळी सगळे भोवती जमले. "दगडू, काहीतरी होऊन जाऊ दे." मी वेल्ह्याचा खेकडा सांगितला, जो कोयत्यानं तुटला नाही म्हणून आम्ही त्याला नांगराला जुंपला. हसून हसून एकाच्या हातातला चहा सांडला. माझ्या सगळ्या गप्पांपैकी तेवढी एक मी पुन्हा कधी सांगितली नाही. कारण ती सांगत होतो तेव्हा धाव घेऊन पंखा घडवणाऱ्या लोहाराच्या उरावर बसायला हवं होतं. पण मला घाई कशाची? पाणी तर सकाळपर्यंत उतरणार होतं.

पंखा बसायला तीन दिवस लागले. रोज सकाळी मी काठावर रोवलेल्या खुंट्या बघायचो. पहिल्या दिवशी एक बुडाली होती. दुसऱ्या दिवशी तीन. तिसऱ्या दिवशी ज्या दगडावर बसून मी खुंट्या बघायचो, तो दगडच सापडला नाही. आभाळ तसंच निळं.

परत गेलो तेव्हा बेट नव्हतं. बेटावर काय उरलं असं लिहायलाही जागा नाही, बेटच नव्हतं. मी टोकावर उभा राहून बांबू खुपसला. तळ लागला नाही. दुसरीकडं खुपसला. लागला नाही. सवयीनं ओरडायला तोंड उघडलं, पण ओरडायला आकडाच नव्हता.

खालच्या बाजूला मासेमारांचं गाव होतं, खांबांवर उभ्या झोपड्यांचं. म्हाताऱ्यानं त्यांना विचारून चार शब्दांत आणि हातवाऱ्यांनी मला सांगितलं. दुसऱ्या दिवशी दोघंजण लहान होडी घेऊन धुळबाकडं गेले होते. पाणी खेचरांच्या गुडघ्याला लागलं होतं. त्यानं सहाही जनावरं तोंडाला तोंड लावून गोल बांधली होती आणि आपण मधोमध उभा होता. ते म्हणाले, चल. होडीत एका माणसाची जागा होती. त्यानं नकार दिला. कसा, ते मासेमारानं करून दाखवलं. तळहात पालथा, जमिनीकडं, हळूहळू खाली दाबल्यासारखा, दोन-तीनदा. मग खालच्या अंगाला, आमचं ठाणं होतं तिकडं बोट केलं. माणूस येतोय. त्याच्या पुढच्या सकाळी ते पुन्हा गेले, तर पाण्यावर गवताच्या काड्या फिरत होत्या. दोन खेचरं खाली काठाला लागली होती, जिवंत. त्यांच्या गळ्यातली दावी तुटलेली नव्हती. गाठ सोडून मोकळी केलेली होती.

पुढं तीन आठवडे ते पाणी चढतच होतं. तीन आठवडे! एवढी मोठी थाप मला जन्मात सुचली नसती.

फौजेच्या कागदात 'बेपत्ता' असं आलं. प्रेत मिळालं नव्हतं, म्हणून तो शब्द बरोबर होता. सुटून आल्यावर पहिला मी धनगरवाड्यावर गेलो. धुळबाचे वडील, सगळे त्यांना आबा म्हणत, गोठ्यासमोर घोंगडीवर बसले होते. मला सगळं सांगायचं होतं आणि मी सगळं सांगितलं. बेट, म्हातारा, आईची शपथ, दावी. वाड्यावरची आठ-दहा माणसं गोळा झाली. माझं बोलणं संपलं तेव्हा आबांनी मला ताकाचा तांब्या दिला.

"दगडू, गोष्ट ब्येस हाय," ते म्हणाले. "पर पाणी तीन आठवडं चढतंच ऱ्हायलं व्हय?"

"व्हय, आबा."

"वरनं पाऊस न्हाई, आन् पाणी चढतंय?"

"व्हय."

"आरं, कायतरी बेतानं सांग!" कुणीतरी मागून म्हणालं आणि सगळे हसले. आबाही हसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण हसले. "पाणी उतारलं आसंल. उतरल्याबिगर ऱ्हातंय व्हय? खेचरं हाकत गेला आसंल त्या मुलखात. जनावर दिसलं की त्याला भान ऱ्हात न्हाई. यील."

तीन पावसाळे ते तसंच म्हणत राहिले. मी वर गेलो की ताक द्यायचे, "सांग त्ये तीन आठवड्याचं" म्हणायचे, हसायचे. मला तोंडावर थुंकून घ्यायचं होतं आणि मिळत होतं ताक. आपलं एकुलतं एक खरं घेऊन मी दारोदार फिरत होतो आणि लोक त्याला माझी सगळ्यात बहारदार थाप म्हणत होते.

आबा हसत होते, त्यात तानूचं आयुष्य जात होतं. तिच्या माहेरच्यांनी पाटाचं बोलणं आणलं होतं. माणूस चांगला होता, बायको वारलेला, पदरी आठ म्हशी. धनगरांत पाट लावायला कुणाची ना नसते. पण नवरा मेला म्हटल्याशिवाय पाट कसा लागणार? आबांनी पाहुण्यांना उंबऱ्यावरूनच परत लावलं. "माझा ल्योक जिता हाय."

मागल्या भाद्रपदात नसरापूरच्या बाजारात तानू माझ्यासमोर आली. तूप विकून झालं होतं, रिकामा डबा काखेत.

"भावजी, येक इचारायचं व्हतं. गप्पा नगंत."

"इचार, वयनी."

"त्यांनी हात कसा केला व्हता?"

मी करून दाखवला. पालथा तळहात, हळूहळू खाली. बाजारात माणसं येत-जात होती. ती माझ्या हाताकडं बघत राहिली.

"म्हस बुजली की त्ये आसंच करायचं," ती म्हणाली. "ह्ये तुमाला ठावं असायचं कारण न्हाई. गोठ्यातलं हाय ह्ये." मग डबा या काखेतून त्या काखेत घेतला. "म्हंजी खरं हाय."

मी हात खाली घेतला.

"मामंजींना पटवा. म्या ऱ्हाईन न्हाईतर जाईन, माझं म्या बघीन. पर मेलेल्या माणसाची वाट बघायला नगं. लई दमाया व्हतं."

पटवायचं कसं? आबांनी आयुष्यात चढून न उतरणारं पाणी पाहिलंच नव्हतं. त्यांना इरावतीवर नेणं माझ्या हाती नव्हतं. मग एके दिवशी गवत कापताना डोक्यात आलं, खिंडीपलीकडं भाटघरच्या धरणाचं पाणी आहे. वेळवंडीचं सगळं खोरं भरून, ओढ्याओढ्यांत शिरून बसलेलं. आबा त्या बाजूला धरण झाल्यापासून गेलेच नव्हते. "बुडाल्याली रानं काय बघायची?" म्हणायचे. मी त्यांना म्हटलं, तिकडं एकजण म्हैस विकतोय. आबांना मारलेली शेवटची थाप. तानू बरोबर आली.

आश्विनातला लख्ख दिवस होता. खिंडीतून खाली उतरलो आणि आबा थबकले. डोंगराच्या सोंडांमध्ये जिथं भातखाचरं असायची तिथं पाणी, निवळ, हिरवट, हालचाल नाही. काठाला एक नाव होती. नाववाला माझ्याच वयाचा, कमरेला टॉवेल. आम्ही बसलो. तानू आबांच्या पायाशी बसली. नाव एका फाट्यातून दुसऱ्यात शिरत राहिली. पाण्यातून आंब्याचे वाळलेले शेंडे वर आलेले, त्यांवर पाणकावळे पंख पसरून. खाली बघितलं की बांधाच्या दगडांची ओळ दिसायची आणि मग खोलात विरघळून जायची.

आबांनी आपली काठी पाण्यात सोडली. मनगटापर्यंत हात बुडाला. तळ लागला नाही. काठी बाहेर काढून त्यांनी नाववाल्याला विचारलं. मला नाही.

"ह्ये कवा उतरायचं?"

"शिमगा झाल्यावर. खालच्या मुलखाला सोडत्यात तवा."

"तवर?"

"तवर हितंच."

"पाऊस न्हाई, आन् हितंच?"

"हितंच, म्हाताऱ्या. आमचा गाव व्हता ह्या खाली. पयल्या साली आमी बी म्हणलो, उतरंल सकाळच्याला. सामान माळ्यावर ठिवून टेकडीवर बसलो व्हतो." नाववाला वल्हं मारता मारता हसला. "आजून बसलोय."

आबा पाण्याकडं बघत होते. मला वाटलं, आता विचारतील. बेट केवढं होतं, तो कुठं उभा होता. त्यांनी काठी मांडीवर आडवी ठेवली. ओला हात धोतराला पुसला आणि तानूच्या डोक्यावर ठेवला.

"पोरी, तुझ्या बापाला सांगावा धाड," म्हणाले.

तानूनं पदर तोंडावर ओढला. नाववाल्याला काही कळलं नाही, पण त्यानं आपण होऊन नाव वळवली.

परतीच्या वाटेवर आम्ही एकामागं एक चाललो. तानू पुढं, मधे आबा, मागं मी. तीन वर्षं मला हेच हवं होतं, कुणीतरी माझं खरं मानावं. आता माझ्यापुढं चालणाऱ्या माणसानं ते मानलं होतं, सगळं, शेवटच्या गाठीपर्यंत. त्यात तो ब्रह्मी म्हाताराही आला, त्याचे वर गेलेले हातही आले, आणि मीही आलो. आबांच्या पाठीकडं बघत चालताना मला कळलं, खरं मानून घेणं म्हणजे काय मागणं होतं.

धनगरवाड्याचा फाटा आला. तानू वर चढायला लागली. आबा थांबले. मी त्यांच्या पायांशी वाकलो आणि म्हणालो, "आबा, शिवी तरी हासडा. काठी घाला डोक्यात. कायतरी बोला."

त्यांनी पाय मागं घेतले. बराच वेळ वरच्या वाटेकडं बघत होते, तानू दिसेनाशी होईपर्यंत.

"शिवी कशापायी देऊ?" ते म्हणाले. "तू त्या दिशी खोटं कुठं बोललास?"

आणि वर गेले. ताक प्यायला मला पुन्हा कुणी बोलावलं नाही. तानूचा पाट मार्गशीर्षात लागला, तेही मला नसरापूरच्या बाजारातच कळलं. आबांच्या शब्दांत राग होता की माफी, ते मी वर्षभर धुंडाळतो आहे. एवढं मात्र कळून चुकलं आहे. त्या दिवशी मी नेहमीसारखं खोटं बोललो असतो, तर धुळबानं ते ओळखलं असतं आणि खेचरं सोडून तो नावेत बसला असता.